उभ्या तुरीभोवतीची वाट

मी एक जुना गेमपॅड आहे. हसू नका मित्रांनो, तुमच्या मोबाइलच्या जमान्यात मला कुणी विचारत नाही हे मला ठाऊक आहे. काळं प्लास्टिकचं अंग, उजव्या बाजूला चार गोल बटणं, डाव्या बाजूला चार बाण. त्यातला उजवीकडे नेणारा बाण पार गुळगुळीत झाला आहे. डावीकडचा मात्र कितीतरी वर्षं नव्यासारखा होता. तो कसा झिजला, तेच सांगायचं आहे.

वाशिमच्या एका दुकानात जुन्या कॉम्प्युटरवर मला फुकट दिलं गेलं. फुकटाचा म्हणून माझा पहिल्याच दिवशी अपमान झाला, पण तो फार टिकला नाही. जानरावांनी मला कापडी पिशवीत घालून एसटीनं मेडशीला आणलं आणि दहा वर्षांच्या लेकीच्या, वैजयंतीच्या हातात दिलं. ती मला उशाशी घेऊन झोपली. तिच्या आईनं, भागिरथाबाईंनी, धूळ बसू नये म्हणून माझ्यासाठी लोकरीचं झाकण विणलं.

त्या कॉम्प्युटरवर एकच गेम होता. एक शिपाई डावीकडून उजवीकडे पळायचा. वाटेत खड्डे, काटे, शेवटी किल्ला. रस्ता एकच. पडदा पुढे सरकला की मागचं सगळं बंद, पुन्हा तिकडे जाता येत नसे. बापलेक आळीपाळीनं खेळत. जानरावांचे अंगठे जाड, भेगाळलेले, पण माझ्यावर हलके पडत. एकदा वैजयंतीनं मुद्दाम डावा बाण दाबून पाहिला. शिपाई भिंतीला धडकून जागच्या जागी पाय हलवत राहिला.

"बाबा, मांगं काहून जाता येत नाई?"

"मांगं काय ठेवलं हाय? पुढं चाल," जानराव म्हणाले. "एकच रस्ता असला म्हंजे भुलाचं भेव नसते."

ते त्यांना मनापासून आवडायचं. तिला नाही. किल्ला जिंकला तरी तिचं तोंड पडलेलंच असे.

पोरगी मोठी झाली. शिरपूरचं एक स्थळ जानरावांनी पक्कं केलं, सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. ती म्हणाली, मला पुण्याला जाऊन गेम करायला शिकायचं आहे. घरात दोन दिवस चूल धड पेटली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बॅग उचलली तेव्हा जानराव दारातून म्हणाले, "गेली त मांगं येऊ नको."

पुढची सहा वर्षं मी लोकरीच्या झाकणाखाली पडून होतो. त्या घरात माझं नाव कुणी काढलं नाही, आणि तिचंही फक्त भागिरथाबाई फोनवर हळू आवाजात काढत.

मग एक दिवस गावातला मोबाइल दुकानवाला एक पेनड्राइव्ह घेऊन आला. वैजयंतीनं स्वतः केलेला गेम त्यात होता, बापासाठी. त्यानं तो कॉम्प्युटरवर चढवला, माझी वायर खोचली आणि गेला. भागिरथाबाई जानरावांना म्हणाल्या, "पोरगी म्हने, त्याइले काही सांगू नको. जसं वाटन तसं फिरू दे."

जानरावांनी दोन दिवस माझ्याकडे पाठ करून जेवण केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला हातात घेतलं.

पडद्यावर मेडशीच होती. एसटी स्टँड, शाळा, विहीर, घर, आणि तूर फुलावर आलेलं शेत. खड्डे नाहीत, किल्ला नाही, हरणं-जिंकणं नाही. वाटेल तिकडे जा, आणि मागेही या. जिथून चालाल तिथलं गवत दबून वाट पडायची. आयुष्यात पहिल्यांदा माझा डावा बाण चालला. मित्रांनो, त्या दिवशी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तुम्हाला आत्ताच सांगतो. त्या तुरीच्या मधोमध वैजयंती उभी होती. शेंड्यांवर तिची लाल ओढणी दिसायची. तिच्यापर्यंत जाऊन माझं गोल बटण दाबलं की ती तिच्याच आवाजात विचारणार होती, "बाबा, मी घरी येऊ?" एवढ्यासाठीच तिनं तो सगळा गाव रचला होता.

जानरावांना ओढणी पहिल्याच दिवशी दिसली. "वैजू," ते पुटपुटले. ते धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत पूर्ण चक्कर मारून आले. आत जाणारी वाट सापडली नाही. मग धुऱ्यावरच उभे राहून त्यांनी बटण दाबलं. शेतकरी शेतातल्या माणसाला धुऱ्यावरून हाक देतो, तसं. पण ती लांब होती, तिच्यापर्यंत हाक गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. महिनाभर तेच. दिवाळी आली नि गेली, तरी तेच. एक चक्कर, मग हाका, मग नुसतं उभं राहणं. "येईन न पोरगी बाहेर," असं ते स्वतःशीच म्हणत. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, इथं वाटेची गरज नाही, घुसा सरळ! पण गेमपॅडला तोंड कुठलं. माझ्या नशिबी फक्त दाबून घेणं.

दर रविवारी पुण्याहून फोन यायचा. "बाबा तुरीपाशी जातात का वो?"

"रोज जाते. तिथीच असते."

तिकडून फोन ठेवला जायचा. तिचा समज झाला, बाबांनी तिचा प्रश्न ऐकला, रोज ऐकतात, आणि उत्तर देत नाहीत.

मार्गशीर्षात एका दुपारी जानराव जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

ती आली तेव्हा उशीर झाला होता. तेराव्यानंतर तिनं मला हातात घेतलं. बापाचा गेम उघडला आणि तिचा अंगठा थबकला. तुरीभोवती धुऱ्यावरचं गवत पार मेलं होतं, पांढरी रुंद वाट पडली होती. शेकडो चकरांची. आत मात्र एक पाऊल नाही. एक झाड वाकलेलं नाही.

"आई, बाबा आत काहून नाई आले? कुठूनही येता येत होतं."

भागिरथाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "उभ्या पिकात कोन पाय टाकते वो माय? तूर फुलावर होती न."

शेतकऱ्याची लेक, सहा वर्षांत एवढं विसरली होती. माझ्या बाणांच्या फटीत तिच्या डोळ्यांतलं पाणी गेलं, तेव्हापासून डावा बाण दाबला की अडकून बसतो.

पुण्याला परतण्याआधी तिनं त्या तुरीतून एक पाऊलवाट काढली, एका माणसापुरती. मग मला झाकण घातलं. त्या वाटेवरून अजून कुणी चाललेलं नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणत नाही. माझं वय झालं. पण कुणासाठी दार उघडं ठेवलं असेल, तर ते उघडं आहे हे त्याला तोंडानं सांगा. सगळीकडून येता येतं, एवढं पुरत नाही. काही माणसं धुऱ्यावरच उभी राहतात, आणि तिथूनच हाका मारत असतात.