पलंगाची सख्खी बहीण

मित्रांनो, मी सागाचा पलंग आहे. एकाच माणसापुरता, अरुंद, पण चांगला उंच. पन्नाशीला टेकलो आहे, असं मी परवापर्यंत समजत होतो. माझं खरं वय मला या महिन्यात कळलं, आणि तेव्हापासून मी थक्क आहे.

माझं लाकूड परतवाड्याच्या बाजारातून आणलेलं. मोर्शीकडच्या एका गावात रामराव सुतारानं मला घडवलं, सुभद्राबाईंच्या लग्नात आंदण द्यायला. त्यानं माझे पाय खरादावर फिरवून गोल उतरवले, उशाच्या फळीवर संत्र्याची एक डहाळी कोरली, आणि काम संपल्यावर माझ्यावर चढून दोन उड्या मारल्या. मी कुरकुरलो नाही. "आता हत्ती बसवा म्हना," तो म्हणाला. मग बैलगाडीत उताणा पडून, चारही पाय आभाळाकडे करून, मी सुभद्राबाईंच्या मागोमाग वरूडजवळच्या या गावात आलो.

तेव्हा माझ्यावर नवार विणलेली असे. दर दिवाळीआधी ती सोडून, धुऊन, पुन्हा ताणायचं काम नत्थुजींचं, म्हणजे सुभद्राबाईंच्या यजमानांचं. माझ्या कडेला एक पाय रोवून ते नवार अशी आवळत, की टिचकी मारली तर डफ वाजावा. या घरची दोन्ही लेकरं माझ्यावर जन्मली. पाहुणे बसता बसता हात फिरवून म्हणत, "पलंग असावा तर असा." मित्रांनो, खरं सांगतो, मला ते ऐकायला फार आवडायचं.

पुढे थोरल्या शेखरच्या लग्नात डबल बेड आला. त्याच्या पोटात गोधड्या ठेवायची पेटी होती. माझ्या पोटात काहीच नव्हतं. मला गोठ्याशेजारच्या खोलीत नेलं. तिथे मी तेवीस वर्षं होतो. अंगावर संत्र्याचे रिकामे क्रेट, कडेला फवारणीचा पंप. उंदरांनी नवार कुरतडली. संत्र्याची डहाळी धुळीत बुजून गेली.

मला बाहेर काढलं ते एका दुखण्यानं. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी नत्थुजी अंगणात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीला ऑपरेशन झालं. हाड सांधलं, पण पायात बळ परतलं नाही. धरून धरून मोरीपर्यंत जाणं, तेवढंच. त्यांना उंच आणि अरुंद पलंग हवा होता. डबल बेड तर समोरच्या खोलीच्या दारातून आतही येईना. तेव्हा शेखरला मी आठवलो. त्यानं मला धुतलं, नवारीच्या जागी प्लायवूड ठोकलं, गादी घातली आणि खिडकीशी मांडलं.

खिडकीतून शेजारची भिंत दिसते, आणि वर हातभर आभाळ.

नत्थुजींची संत्र्याची बाग गावापासून पाऊण मैल, नाल्याच्या पलीकडे. चाळीस वर्षांत त्यांचा एकही आंबिया बहार चुकला नव्हता. फेब्रुवारीत झाडं फुलली की ते सकाळीच जाऊन ओळींमधून नुसते हिंडत. या फेब्रुवारीत ते म्हणाले, "मले बहार पाहाचा हाय." शेखरनं ट्रॉलीत गादी टाकली, त्यांना निजवलं आणि ट्रॅक्टर अगदी हळू काढला. पण नाल्यातल्या गोट्यांवर पहिलाच हादरा बसला आणि नत्थुजी असे ओरडले, की शेखरनं तिथूनच ट्रॅक्टर वळवला.

त्यानंतर नत्थुजींनी बागेचं नाव काढलं नाही. अर्धी भाकर खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. शेजारचा चंदन भेटायला आला आणि म्हणाला, "काका, पुढच्या बहाराले जासान." नत्थुजी भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आता एकदाच जाईन बापा. चौघं नेतीन तवा."

मित्रांनो, पलंगाला माणसाचं वजन कळतं. ते रोज थोडं थोडं कमी होत होतं.

आणि त्याच आठवड्यात प्रणाली आली. शेखरची मुलगी, अमरावतीला मराठीत एम.ए. करते. तिनं आजोबांची ही अवस्था पाहिली, खोलीभर दोन फेऱ्या मारल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, ट्रॉलीत हादरे बसतात ना? मंग पलंगच उचलू. खाली दोन बांबू बांधू, आठ जन खांदा देऊ."

सुभद्राबाई दारात भाजी निवडत होत्या. त्यांच्या हातातली जुडी खाली पडली.

"जित्या मानसाले खांद्यावर नेतीन? काय बोलून राहिली तू?"

"आजी, फक्त वावरापर्यंत..."

"नाई म्हनजे नाई. खांद्यावर मानूस एकदाच जाते. माह्या डोयापुढं ह्यायले असं दारातून काढान तं मी उंबऱ्यावर आडवी पडीन."

शेखर बाहेर निघून गेला. मला वाटलं, हे इथेच संपलं.

दुपारी प्रणाली माझ्या पायथ्याशी येऊन बसली. तिच्या मांडीवर कोशांच्या झेरॉक्सचा गठ्ठा होता. तिला कॉलेजात एक काम दिलं होतं : घरातला एक शब्द घ्या आणि तो कुठून आला ते शोधा.

"आबाजी," ती म्हणाली, "मी कोनता शब्द घेतला, सांगू? पलंग."

नत्थुजी भिंतीकडेच पाहत होते. "त्यात काय शोधाचं? सुतारानं केला."

"वस्तू सुतारानं केली. शब्द नाई. संस्कृतात 'पर्यंक' म्हनत. परि म्हनजे भोवती, आन् अंक म्हनजे मांडी."

"मांडी?" सुभद्राबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"हो आजी, मांडी. माय लेकराले अंकावर घेते, तोच अंक. मांडी घालून बसन्यालेही पर्यंकच म्हनत. मंग बसाच्या आसनाले म्हनू लागले, मंग झोपाच्या. बोलता बोलता लोकायनं 'र'चा 'ल' केला, पर्यंकचा पल्यंक झाला. तो बदल पाणिनीनं आपल्या सूत्रात लिहून ठेवला. दोन हजार वर्षांच्याही आधी."

नत्थुजींनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून भिंतीकडे पाठ केली.

"या पलंगासाठी?" त्यांनी माझ्या कडेवर तळहात ठेवला. "एवढ्या मोठ्या मानसानं?"

मित्रांनो, मी काय सांगू! तेवीस वर्षं क्रेटखाली पडलेला मी. माझ्या नावातल्या एका अक्षरासाठी कोण्या काळच्या महापंडितानं सूत्र लिहावं! माझं लाकूड पन्नास वर्षांचं असेल, पण माझी हाक केवढी जुनी! किती तोंडांतून, किती घरांतून, किती आजाऱ्यांच्या आणि बाळंतिणींच्या खोल्यांतून ती इथवर चालत आली होती! आणि कोणी तिला एकदाही खाली पडू दिलं नव्हतं. माझा सांधा न् सांधा शहारला.

प्रणालीनं पान उलटलं. "आजी, इकडे येनं जरा. पुढचं तुह्यासाठी हाय. याच पल्यंकातून दुसरा एक शब्द निंगाला. सांग कोनता."

"मले काय मालूम?"

"पालखी."

सुभद्राबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"एकाच मायची दोन लेकरं," प्रणाली म्हणाली. "पलंग घरात राह्यला, पालखी रस्त्यानं निंगाली. अर्थ दोघायच्या पोटात एकच, मांडी. आजी, तू ज्याले तिरडी समजून राहिली ना, ते तिरडी नोहे. तिरडी लाकडं बांधून केलेली असते, एका दिवसासाठी. हा तं पलंग हाय. याची सख्खी बहीण पालखी."

सुभद्राबाई जवळ आल्या आणि मला स्पर्श केला. कुठे, तर बाळंतपणात त्या धरून ठेवत त्याच जागी, उशाच्या डाव्या पायाशी.

"मांडी," त्या हळूच म्हणाल्या. मग पदरानं नाक पुसून एकदम मोठ्यानं, "पालखीच न्याची तं मंग तशी न्या. मुंडकं पुढं ठेवा, मुडद्यावानी पाय नोका. आन् गादीवर धुतलेली चादर टाका, ही मयकी नोका नेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेखर आणि चंदननं माझ्या पोटाखालून दोन लांब बांबू घातले आणि दोरांनी आवळले. आठ जण जमले. प्रणालीनं ओढणी कमरेला खोचून मागचा डावा खांदा घेतला. सुभद्राबाईंनी माझ्या चारही पायांना कुंकू लावलं, खांदेकऱ्यांच्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं, आणि त्या पुढे चालू लागल्या.

मी जमिनीवरून उचललो गेलो. पन्नास वर्षं मी माणसं झेलली होती, मित्रांनो. मला कोणी झेलण्याची ती पहिलीच वेळ.

गावाबाहेर समोरून एक मोटरसायकल आली. त्या माणसानं आम्हाला लांबून पाहिलं, गाडी बंद केली, टोपी काढली आणि मान खाली घालून हात जोडले. आम्ही जवळ गेलो तसे नत्थुजी कोपरावर उठले आणि म्हणाले, "काय बे, कोठं निंगाला सकाई सकाई?" तो माणूस गाडीसकट बाभळीला टेकला. खांदेकरी इतके हसले, की मला क्षणभर खाली ठेवावं लागलं.

नाल्यात गोट्यांवरून आठ जोडी पाय चाचपत गेले. एकही हादरा बसला नाही. आणि बाग दिसायच्या आधीच वास आला.

त्यांनी मला दोन ओळींच्या मधोमध ठेवलं. वर पांढरी फुलं, फुलांवर मधमाश्यांचा एकसारखा गुंजारव. नत्थुजी उताणे पडून पाहत होते. त्यांच्या छातीवर पाकळ्या पडत होत्या आणि ते त्या झटकत नव्हते.

"चाईस वर्षं उभ्यानं पाह्यला बहार," ते म्हणाले. "खालून कवा पाह्यलाच नाई. बाप्पा रे!"

कितीतरी वेळानं ते कुशीवर वळले, आणि एकदम त्यांचा आवाज बदलला. "शेखर. इकडे ये. खाली बस. माह्या मुंडक्याएवढा खाली बस. त्या झाडाचा बुंधा पाह्य."

शेखर गुडघ्यांवर बसला. मातीला लागून, कलमाच्या जोडाशी, डिंकाचे पिवळट थेंब गोठले होते. शेजारच्या झाडालाही. पुढच्याही. वरचा बहार पाहत रोज इथून जाणाऱ्या कोणाला ते दिसले नव्हते.

"डिंक्या लागला," नत्थुजी म्हणाले. "बहाराच्या भुलीत राह्यलो अस्तो तं दोन वर्षांत ओळ गेली अस्ती. खरडून काढ, बोर्डो मलम लाव. आन् मले दुसऱ्या ओळीत न्या. एकेक झाड पाहाचं हाय."

त्या सकाळी मला सात वेळा उचललं आणि सात वेळा ठेवलं. डिंक्या लागलेली अकरा झाडं सापडली. घरी परतल्यावर नत्थुजींनी दीड भाकर खाल्ली आणि पुन्हा वांग्याची भाजी मागितली.

आता दर रविवारी आम्ही जातो. शेखरनं बांबू अडकवायला माझ्या पायांना लोखंडी कड्या बसवल्या आहेत, आणि रामरावच्या डहाळीवरची धूळ प्रणालीनं जुन्या टूथब्रशनं काढली. मित्रांनो, लाकडाचे सांधे वर्षातून एकदा ठोकून घेतले, तर लाकूड टिकतं. शब्दांचं काम त्याहून सोपं आहे. ते बोलत राहायचे, आणि कधीतरी विचारायचं, बाबा, तू आलास कुठून.

काल संध्याकाळी खालच्या आळीतून गोदाबाईंचा निरोप आला. त्या नव्वदीच्या आहेत, चालणं बंद झालं आहे. त्यांची धाकटी बहीण माणिकबाई याच गावात, तीन गल्ल्या पलीकडे राहते. तिचेही पाय गेले आहेत. दोघी बहिणींनी दोन वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. निरोप एवढाच होता : "नत्थुजीले इचारा, सोमवारी पालखी रिकामी हाय का?"

पलंग नव्हे, मित्रांनो. पालखी म्हणाल्या त्या.

तेव्हा एकच विनंती. सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही खालच्या आळीतून निघणार आहोत. गल्लीत कोणी मोटरसायकल आडवी लावली असेल, तर तेवढी बाजूला घ्या.