मागच्या पानावरचा मजकूर

साखरेनं डोळे नेल्यापासून आकाराम आबांना कागदाचं भ्या वाटायचं. निवृत्त हवालदार, जन्मभर स्वतः वाचून सही करणारा माणूस. पण मागच्या साली भावकीनं रस्त्याची संमती म्हणून सही घेतली आणि विहिरीतला वाटाच गेला.

म्हणून कोरेगावच्या कॉलेजातल्या कीर्ती मॅडम अर्ज घेऊन घरी आल्या, तेव्हा आबांनी आधी कान टवकारले.

"एकट्याच आलाय?"

"हो."

"मंग भाईर गाडी कुणाची चालू हाय?"

"रिक्षा थांबवलीय, आबा."

मॅडमनी समजावलं. घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्या मुलांच्या शिक्षणाला सांगलीची एक संस्था मदत करते. रोज एक बाई घरी येऊन आबांजवळ बसेल, राजनंदिनी कॉलेजला जाईल. आबांची सही हवी.

"उगंच कोण बसतंय कुणाच्या घरात?" आबा म्हणाले. "कागद ठिवून जावा."

राजनंदिनी त्यांची नात, बारावीला. आई नव्हती, बाप जयराज महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा, पंधरवड्याला यायचा. आबांचं इन्सुलिन, पायाच्या जखमेची पट्टी, अंघोळ, सगळं तीच बघायची.

संध्याकाळी तिनं अर्ज वाचून दाखवला. नाव, पत्ता, आजार, बाईची वेळ.

"बास?"

"बास, आबा."

पण पान उलटल्याचा आवाज आबांनी ऐकला होता. उलटल्यावर तिनं काहीच वाचलं नव्हतं. रात्रभर त्यांच्या डोक्यात तेच. पोरीलाबी कुणी फितवलं का काय?

दुसऱ्या दिवशी ती गोळ्या आणायला गेली तशी त्यांनी शेजारच्या बाळासोला हाक मारली.

"मागचं पान वाच रं. एक अक्षर सोडू नगंस."

"जमिनीचं काय न्हाई, आबा." बाळासो वाचू लागला. "'दहावीला एक्क्याण्णव टक्के. यंदा जूनपासून एकसष्ट दिवस गैरहजर. असेच राहिल्यास परीक्षेला बसता येणार नाही.'" तो थांबला.

"फुडं?"

"खाली पोरीच्या हातचं हाय. 'आजोबांना हे माहीत नाही. कृपया सांगू नये.'"

आबांना एकेक आठवत गेलं. आज सुट्टी हाय, आज सर आलं न्हाईत, आज संप हाय. तिनं सांगितलं ते सगळं त्यांनी खरं मानलं होतं. साऱ्या गावावर संशय घेणाऱ्यानं तिला एकदाही उलटून विचारलं नव्हतं.

ती परतली.

"एकसष्ट दिस कसली गं सुट्टी?"

हातातली पिशवी तशीच धरून ती उभी राहिली. मग म्हणाली, "आवं, साखर उतरून तुमी मोरीत पडला हुता. तासभर कुणाला पत्ता न्हाई. तुमाला टाकून कशी जाऊ?"

"मला सांगायचं तरी!" आबांचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. मग हात पुढं करून म्हणाले, "कुठं करायची सही? बोट धर माझं."

सोमवारी संस्थेच्या हौसाबाई आल्या. आबांनी त्यांचं माहेर, सासर, आडनाव, सगळं खोदून विचारलं, आणि सुई भरल्यावर आकडा बघायला बाळासोला बोलावलं. हौसाबाई हसल्या, पण रागावल्या नाहीत.

राजनंदिनी आता रोज जाते. मधल्या सुट्टीत आबा हौसाबाईंना तिला फोन लावायला सांगतात आणि मागं पोरींचा गलका ऐकू आल्याशिवाय ठेवत नाहीत.