धनंजयच्या कॉम्प्युटरचं बोलणं

देवळीच्या बसस्टँडमागे चंद्रभानजींच्या घरी त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीत बाया, अंगणात बाप्ये, खिडकीच्या गजांना लटकलेली पोरं. सगळ्यांची तोंडं पुढच्या खोलीकडे. तिथे टेबलावर एक कॉम्प्युटर, त्याला झेंडूचा हार, पुढे उदबत्त्या आणि वाटीत खीर. मी मनात म्हटलं, सुलोचना, आयुष्यभर पोरांना कॉम्प्युटर शिकवलास, आता त्याची आरती बघ!

दिवेलागणी झाली. कोणी हात लावला नाही, कोणी जवळसुद्धा नव्हतं, आणि काळा पडदा आपोआप उजळला. धनंजयचा फोटो आला. कापसाच्या शेतात उभा राहून हसणारा, माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा तोच धनंजय. मागच्या थंडीत आजारपणात गेलेला. मग एक सपाट, कोरडा पुरुषी आवाज खोलीत घुमला.

"धनंजय. पासवर्ड टाका."

बाया हुंदके देऊ लागल्या. त्याची आई मनकर्णाबाई टेबलापुढे आडवी पडली. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर सरसरून काटा आला. कारण माहीत असलं तरी माणूस घाबरतोच, आणि मला तर कारण अजून नीट माहीत नव्हतं.

"पाह्यलं?" हिरालाल महाराज गरजले. भगवी लुंगी, मनगटात घड्याळ आणि गंडा दोन्ही, गळ्यात रुद्राक्षाच्या माळेत अडकवलेला पेनड्राईव्ह. "पह्यलेच्या जमान्यात भूत पिंपळावर राहे. आता पिंपळ कुठी राह्यले? आता ते चिपमंदी राह्यते! पोरगं आत अडकून पडलं, बाहेर याले पासवर्ड मांगून राह्यलं!"

"पण महाराज, आवाज धनंजयभाऊचा नाई वाटत," अंगणातून शेजारचा लहानू म्हणाला. बिचारा खरं बोलला.

"अबे, मेल्यावर गळा तोच राह्यते का? गळा तर जळला!"

लोकांनी माना डोलावल्या. अशा उत्तरांचं एक बरं असतं, त्यांना कोणी पुरावा मागत नाही.

महाराजांनी भूत काढायचा एक प्रयत्न आधीच केला होता. धनंजयच्या बायकोकडून पासवर्ड टाकवून घेतला, गळ्यातला तो सिद्ध पेनड्राईव्ह लावून त्यातलं 'सर्व काही साफ' नावाचं काहीतरी चालवलं. तर आतून आवाज आला, "प्रकाशक अज्ञात. याला बदल करू द्यायचे का?" भूत महाराजांना सवाल करतंय म्हणून लोक उठून पळाले. महाराजांनी दातओठ खाऊन 'होय' दाबलं. यंत्र ज्या प्रश्नावर माणसाला थांबवू बघत होतं, त्यालाच या शहाण्यानं आव्हान समजलं! झालं, मराठी टायपिंग गेलं, प्रिंटर मुका झाला, व्हायरसपासून राखण करणारी व्यवस्थाही उडाली. राहिलं फक्त भूत. मग महाराजांनी निकाल दिला, की पिशाच्च भारी आहे.

आज ते त्याच्याही पुढे गेले. "उद्या हे डबडं पुलगावच्या नदीत शिरवा. अन् सुनेले माहेरी धाडा. पासवर्ड तिलेच मालूम हाय. तिनंच त्याले अडकून ठेवलं."

भिंतीला टेकून उभी असलेली जया पांढरीफटक पडली. धनंजयची बायको. तिनंच मला वर्ध्याला फोन केला होता. लोकांचे फॉर्म भरून द्यायचं दुकान दोघं याच खोलीत चालवत, आणि तिला ते पुन्हा उघडायचं होतं. आता दुकानही हातचं चाललं होतं आणि घरही. मला असा संताप आला, की उदबत्तीनं त्या लुंगीला चटका द्यावा. पण संतापानं भूत जात नाही, म्हणून मी धनंजयच्या वडिलांपुढे, चंद्रभानजींपुढे गेले.

"भाऊ, मी धनंजयची मॅडम. मले फक्त उद्याचा दिवस द्या. मग जे शिरवायचं ते शिरवा."

"संध्याकाळलोक," एवढंच चंद्रभानजी म्हणाले.

सकाळी दार लावून जया आणि मी बसलो. पासवर्ड टाकून ती म्हणाली, "मॅडम, मले पटत नाई, पण भेव वाटते. आतमंदी खेळ, बातम्या, जाहिराती सारखं उडत राह्यते. महाराज म्हणे सगळी भुतावळ हाय. सगळं एकदम उपटून टाकू ना!"

"अजिबात नाही. तेच तर त्या येड्यानं केलं. कपाशी निंदतेस तेव्हा डोळे मिटून विळा चालवतेस का? कॉम्प्युटरसोबत न मागता आलेलं सामान काढता येतं, पण ओळखून काढायचं."

आधी धनंजयचे फोटो आणि दुकानाचं सगळं काम वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग पेनड्राईव्हच्या आधीची जी स्थिती कॉम्प्युटरनं स्वतःच जपून ठेवली होती, तिथे त्याला मागे नेलं. जयानं टाइप केलं, आणि पडद्यावर मराठी अक्षर उमटलं तशी ती पहिल्यांदा हसली. परत फिरायची वाट राखून ठेवली आणि मग एकेक गोष्ट. खेळ काढले, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, प्रिंटर चालतो का बघितलं. बातम्यांची पट्टी बंद केली, पुन्हा बघितलं. ज्याचं काम काय ते कळेना, त्याच्या वाटेला गेलो नाही.

या सगळ्या वेळात तो आवाज आमचं प्रत्येक पाऊल वाचून दाखवत होता. जया दचकायची. मीही दचकायचे, आणि दचकल्याचा राग यायचा. शेवटी तो आवाज जिथून चालू-बंद होतो ती जागा सापडली. पडद्यावरचं वाचून दाखवायची सोय होती ती, अंधांसाठी कॉम्प्युटरमध्ये मुळातच असते. तिच्याशेजारी अक्षरं मोठी करायची सोय, तीही शेवटच्या टोकाला नेलेली.

"जया, धनंजयची नजर कशी होती?"

ती हळूच म्हणाली, "शेवटी शेवटी कपात चहा ओततानी बाहेर सांडे. मी हासे. कानात ते हेडफोन घालून बसे दिवसभर. मी म्हणो, गाणे ऐकून राह्यले."

"ते हेडफोन कुठे आहेत?"

"तेरवीले दिले. त्याईचे कपडे, चपला, घड्याळ, सगळं देऊन टाकलं. आत्मा वस्तूत अडकू नाई म्हणून."

आत्मा शांत व्हावा म्हणून हेडफोन दान केले, आणि कानात बोलणारा आवाज खोलीत बोलू लागला. पण जयाला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "दिसत नोहतं त्याईले. मले सांगतलंबी नाई."

संध्याकाळी पुन्हा गर्दी. महाराज पाटावर विराजमान. मी माझे हेडफोन कॉम्प्युटरला लावले. पडदा उजळला, पण आवाज नाही.

"पळालं!" महाराज ओरडले. "मायी दृष्टी पडली अन् पळालं!"

"लहानू, हे कानात घाल."

लहानूनं घाबरत घातले आणि उडालाच. "यात बोलून राह्यलं!"

मी वायर उपटली. आवाज खोलीत आला. पुन्हा लावली, लहानूच्या कानात गेला. "महाराज, तुमचं भूत वायरीवर चालते का हो?"

पोरं फिदीफिदी हसली. मग जयानं पासवर्ड टाकला आणि मी सगळ्यांदेखत सुरुवातीला पडद्यावर येणारं 'धनंजय' हे खात्याचं नाव बदललं, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. तोच कोरडा आवाज घुमला.

"हिरालाल महाराज. पासवर्ड टाका."

अंगणातून कोणीतरी म्हणालं, "अरे बापा, महाराज केव्हा मेले?" आणि सगळं घर हसण्यानं हादरलं. महाराज पाटावरून उठले, लुंगी सावरली, 'अविश्वासी लोक' वगैरे पुटपुटत चपला शोधू लागले.

मी सगळं समजावून सांगितलं. पडद्यावर जे लिहिलं असेल ते हा वाचतो, माझं नाव लिहिलं तर माझं वाचेल. दिवसा गिऱ्हाईक असायचं म्हणून धनंजयनंच कॉम्प्युटरचे नवीन बदल, म्हणजे अपडेट, उतरवायला संध्याकाळची वेळ लावून ठेवली होती, त्या वेळी यंत्र आपोआप जागं होतं. फोटो त्याच्याच संग्रहातले. आणि हे सगळं त्यानं लावलं, कारण त्याचे डोळे जात होते. मग खात्याचं नाव पूर्ववत केलं आणि आवाजाची सोय बंद केली. काढून टाकली नाही, कोणाच्या तरी उपयोगाची आहे.

लोक पांगले. मी पिशवी उचलली, तेव्हा मनकर्णाबाईंनी माझा हात धरला.

"बाई, उद्या संध्याकाळी हे बोलन का?"

"नाही माय. ते धनंजय नव्हता ना."

"ते समजलं मले. पण तो गेला तसं ह्याईनं घरात त्याचं नाव काढू देलं नाई, मले तरास होते म्हणून. सून तर नवऱ्याचं नावच घेत नाई. एवढ्या घरात ते डबडंच माया लेकराचं नाव घेत होतं."

खरंच सांगते, त्या क्षणी मला तो आवाज पुन्हा चालू करावासा वाटला. चंद्रभानजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

तेवढ्यात जया पुढे आली. सासऱ्यासमोर तिची मान कधी वर नसायची. ती सासूजवळ बसली आणि स्पष्ट म्हणाली, "धनंजय."

मनकर्णाबाईंनी तिच्याकडे बघितलं.

"धनंजयनं शिकवलं मले हे काम, आत्याबाई. मामाजी, मी उद्या दुकान उघडीन."

चंद्रभानजी वळले. "धनंजयचे डोये गेलते," ते म्हणाले, "अन् मले, बापाले, समजलं नाई." आणि म्हातारा ढसाढसा रडला. मनकर्णाबाई उठून त्याच्याजवळ गेल्या.

मायबापहो, तुमच्याही घरी एखादं यंत्र आपोआप बोलेल. महाराजांना बोलावू नका. ते कोणी चालू केलं, कशासाठी केलं, हे आधी विचारा. नकोशी गोष्ट जरूर काढा, पण ओळखून काढा. आणि गेलेल्या माणसाची आठवण येत असेल, तर त्याचं नाव घ्या. घरातल्या सगळ्यांनी घ्या, मोठ्यानं घ्या.