तोंडावर सांगणारा मुकादम

त्या वर्षीच्या मंदीत तंबाखूचे भाव असे कोसळले, की निपाणीतल्या धनपालअण्णांच्या वखारीत गेल्या हंगामाचा माल तसाच पडून राहिला. एका सकाळी अण्णांनी मुकादम बाबगोंडाला गादीपाशी बोलावलं.

"चाळणीवरच्या अठरा बायका कमी करायच्या. नावं तू काढ. आज काय बोलू नगंस. उद्या दारात हुबा ऱ्हा आणि त्यास्नी आत सोडू नगंस."

"दारातनं हाकलायचं, अण्णा? आज निदान सांगून तरी..."

"सांगितलंस तर बोंब हुईल. तुला जमत नसंल तर दुसरा मुकादम बघतो."

वखारीमागच्या दोन खोल्यांत बाबगोंडाचा संसार होता, आणि त्या खोल्या अण्णांच्याच होत्या. आई तिथंच अंथरुणाला खिळलेली. मुकादमकी गेली की खोल्याही जाणार, हे कुणी सांगायला नको होतं.

तो चाळणीच्या पडवीत गेला. धुळीत बायका तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळत होत्या. कुठल्याही हिशेबानं पहिलं नाव मनुबाईचं येत होतं. तिचे हात आता थकले होते. चौदा वर्षांपूर्वी तिनंच त्याला चिमटीत पाला धरून त्याची जात ओळखायला शिकवलं होतं.

दुपारी बायका मागच्या अंगणात भाकरी खायला बसल्या. मुकादम कधी त्यांच्यात बसत नसे. त्या दिवशी तो डोईचा रुमाल काढून समोर मातीत बसला आणि खालमानेनं, उद्यापासून जिला काम नाही अशा एकेकीचं नाव घेत गेला.

यशोदाबाई त्याच्या पायाशी थुंकली. राजाबाईनं तोंडात पदर कोंबला. मनुबाईनं शांतपणे विचारलं, "माजं नाव अण्णानं काढलं का तू?"

अण्णांवर ढकलणं सोपं होतं. "मीच काढलं, आक्का," तो म्हणाला. "उद्या तुमास्नी दारातनं परत लावायचं ठरलंतं. मला त्ये बघवंना."

मनुबाईनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "तोंडावर सांगितलंस, बरं केलंस," म्हणाली आणि उठून चाळणीवर गेली.

रोज सुटताना तंबाखू लपवून नेत नाही हे दाखवायला बायकांना ओटी झटकून झडती द्यावी लागे. त्या संध्याकाळी बाबगोंडानं कुणाचीच झडती घेतली नाही. दारात उभं राहून त्यानं अठराही जणींना हात जोडले. अण्णा गादीवरून सगळं बघत होते.

आता आपलीही पाठवणी, असं धरूनच तो दुसऱ्या दिवशी गादीपुढं उभा राहिला. खरं म्हणजे त्याला थोडं सुटल्यासारखंच वाटत होतं.

अण्णा मात्र खुशीत होते. "मला न इचारता त्यास्नी सांगितलंस, पर एकीनंबी आवाज चढवला न्हाई. तुज्याकडं हातोटी हाय रं! चिकोडीला आमच्या मेव्हण्याच्या वखारीत तीस जणी काढायच्यात. आजच जा. असंच गोड बोलून मोकळं कर."

ज्या तोंडावर सांगण्यानं काल रात्री बाबगोंडाला जरा झोप लागली होती, तेच अण्णांनी कामाला जुंपलं होतं. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. मागच्या खोलीतली आई आठवली.

"चिकोडीची मोटार किती वाजता हाय?" त्यानं विचारलं.