सोळावरचा काटा

“सोळा. झालं, नीघ आता,” म्हणत सहादूने कटआऊटच्या डबीवर झाकण बसवलं आणि सोडवलेली तार पुन्हा जोडली. ड्रायव्हर रंगनाथने दवाखान्याची जीप फाटकाबाहेर काढली. सायखेड्यात एक बाई सकाळपासून अडली होती. तिला नाशिकला आणायचं होतं.

सहादू वीस वर्षं दवाखान्याच्या गाड्यांचं वायरिंग सांभाळत होता. डायनामोने बॅटरी किती भरायची, ते त्या डबीतल्या एका स्क्रूवर ठरतं. इंजिन चढवायचं, स्क्रू फिरवत मीटरचा काटा सोळा व्होल्टवर आणायचा, तोही अर्ध्या मिनिटात; उशीर झाला की आतलं वेटोळं तापतं आणि मीटर थापा मारायला लागतं. या कामात आपला हात धरणारा कुणी नाही, असं त्याला वाटे, आणि ते खोटंही नव्हतं.

मीटर पेटीत ठेवताना तो थबकला. तारा मोकळ्या होत्या, तरी काटा एकवर दिसत होता. त्याने काचेवर टिचकी मारली, तरी एकच. मग त्याने मान सरळ केली, तर काटा मुकाट शून्यावर.

दिवाळीपासून त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता, म्हणून हल्ली तो मान तिरकी करून डाव्या डोळ्याने काटा वाचायचा. म्हणजे त्याचे सोळा हे खरे पंधरा होते. बॅटरी आधीच जुनी, त्यात आता अर्धपोटी. गाडी एकदा बंद केली की सेल्फ लागणार नाही. हाताने इंजिन फिरवायचं हँडल तर केव्हाच मोडलेलं. अडल्या बाईला आत निजवून नदीकाठच्या चिखलात धक्का कोण मारणार?

डोळ्याचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हे काम हातचं गेलं असतं.

एक वाजला, दोन वाजले. चहा गार होऊन त्यावर साय धरली. सहादू फाटकाशी येरझाऱ्या घालत होता. बाईला काही झालं तर ते आपल्याच हातून, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

अडीचला जीप आली. बाईला आत नेलं. ती कण्हत होती; ते ऐकून त्याच्या जिवात जीव आला.

“रंगनाथ, तिथं गाडी बंद केली होतीस का?”

“नाय. पाऊण तास चालूच होती.”

“पाऊण तास नुसती चालू ठेवलीस? का रे?”

रंगनाथ बुटाने खडी उकरत राहिला. “राग मानू नका, सहादूभाऊ. दिवाळीपास्नं तुमच्या हातची गाडी बाहेर कुणीच बंद करत नाय. साहेबांना बोललो नाय आम्ही.”

सहादूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चालू गाडीचं बॉनेट उघडलं, डबीचं झाकण काढून तार सोडवली, मीटरच्या तारा लावल्या आणि मीटर रंगनाथच्या हातात दिलं.

“काटा तू वाच. समोरून वाच.”

“पंधरा,” रंगनाथ म्हणाला. सहादूने स्क्रू हळूच फिरवला. “साडेपंधरा... सोळा.”

झाकण बसलं, तार जोडली गेली.

“आता बंद कर गाडी.”

रंगनाथ सीटवर चढला. त्याचा हात किल्लीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तेवढं सहादूला एका डोळ्यानेही दिसलं. त्याने पाठ फिरवली आणि तो मीटरच्या तारा गुंडाळू लागला.