दाराशी जागल

अनुपमाच्या योगवर्गात सगळं झकास चालायचं, एक शेवटचं आसन सोडून.

अकोल्याचे चिंतामणराव वकील दुपारी कोर्टात गेले, की त्यांच्या बैठकीतले लोड-तक्के भिंतीला सरत आणि भांडीकुंडी उरकून आलेल्या बायका सतरंजीवर येऊन बसत. शिकवणारी अनुपमा वकिलांचीच मुलगी. अमरावतीला मामांच्या आखाड्यात लहानपणी ती आसनं शिकली होती. लग्न होऊन नागपूरला गेली आणि कुंकू पुसून माहेरी परत आली. 'पोरीला कशात तरी गुंतवा,' असं जो तो सांगे, म्हणून वकिलांनी बैठक मोकळी करून दिली. या वर्गाखेरीज स्वतःचं म्हणावं असं तिच्यापाशी आता काही उरलं नव्हतं.

बायका मोठ्या तयारीच्या. जन्म उकिडवं बसून कामं करण्यात गेलेला, त्यांना वाकण्याचं काय कौतुक! पण शेवटी अनुपमा म्हणे, "आता शवासन. पाठीवर निजा, हातपाय सैल सोडा," की कुणाला चुलीवरचं दूध आठवे, कुणाला पाळण्यातलं लेकरू. उरलेल्या मांडी घालून बसत आणि डोळे तेवढे मिटत.

एक दिवस अनुपमाचा पारा चढला. "हे आसन करायचं नसेल, तर उद्यापासून येऊ नका!"

ती बोलून गेली आणि शेजारची सुभद्रा खरंच पदर सावरून उठली. ती गेली की तिच्यामागून बाकीच्याही जाणार, हे उघड होतं.

तेवढ्यात पार्वताबाई बोलल्या. बाई बार्शीटाकळीकडच्या, घरच्या काळ्या जमिनीच्या मालकीण. मुलांच्या शाळेपायी अकोल्यात बिऱ्हाड केलेलं. तोंडाच्या फटकळ, मनात काही न ठेवणाऱ्या.

"बाई, राग नका मानू. पन दिवसाढवळ्या बाई उतानी कवा पडते? तापात, बाळंतपनात, नाई तं मेल्यावर. अन् दार हे असं सताड उघडं. कोनी आलं तं?"

"मग दार लावून घेऊ."

"लावलं तं लोक इचारतीन, लावलं कावून?"

बायका खुदकन हसल्या. पार्वताबाई मात्र हसल्या नाहीत. "अन् तुमाले तरी आमी कवा पडलेलं पायलं? तुमी तं फिरूनच राहता."

"शिकवणाऱ्यानं लक्ष ठेवायचं असतं," अनुपमा म्हणाली. हे खोटं आहे हे तिचं तिलाच कळत होतं. नवऱ्याला अंगणात सरळ निजवलेलं पाहिल्यापासून ती पाठीवर झोपलीच नव्हती. रात्र भिंतीकडे तोंड करून, अंग मुडपून काढायची आणि तांबडं फुटायच्या आत केरसुणी हातात घ्यायची. जे आपल्याला झेपत नाही, तेच ती या बायकांकडून रोज हक्कानं मागत होती.

"मलाही नाही जमत, पार्वताबाई," ती हळूच म्हणाली. "भीती वाटते."

सुभद्रा होती तिथंच खाली बसली. पार्वताबाईंनी समजूत घातली नाही की जवळ घेतलं नाही. त्या उठल्या आणि उंबऱ्याच्या आत, रस्त्याकडे तोंड करून ठाण मांडून बसल्या.

"जवारी भरली का आमच्या वावरात जागल असते. एक जन जागते, बाकीचे निजतेत. पडा तुमी. कोनी आलं तं पयले मले ओलांडन."

अनुपमा आडवी झाली. डोळे आढ्याला लागलेले. मान वळवली की दारात ती रुंद पाठ दिसे. "आज काई नको, बापा, पुढं जा," असं बांगड्यावाल्याला बजावणं ऐकू येई. आसवं कानात उतरली. शेजारी पडलेल्या सुभद्रेनं ती पाहिली आणि तोंड दुसरीकडे केलं.

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भोंग्यानं अनुपमाला जाग आली. उन्हं पार ओसरीवर आली होती. बायका मुकाट बसून होत्या आणि दारातली पाठ तशीच.

"मला उठवलं का नाही?"

"जागलीवाल्यानं उठवाचं नसते, बाई."

दुसऱ्या दिवशी आसनं संपल्यावर अनुपमा स्वतःच दाराशी जाऊन बसली. "आज माझी पाळी. पार्वताबाई, तुम्ही पडा."

"मले? अवं, नुसतं पडून मी करू काय?"

"काही नाही करायचं. मी आहे इथं."

मागे लुगडी सळसळली, बांगड्या वाजल्या आणि मग सगळं शांत झालं. थोड्या वेळानं त्या शांततेत पार्वताबाईंचं घोरणं सुरू झालं, अगदी मालकिणीला शोभेलसं.

वकील त्या दिवशी लवकर परतले. दारात लेकीनं ओठांवर बोट ठेवलं. ती हसत होती. कितीतरी दिवसांनी लेकीला हसताना पाहून वकील क्षणभर तिथंच थांबले. मग त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि आपल्याच घरात मागच्या दारानं गेले.