हिराच्या मापाचा दिवा

शेवंतीने चमच्याचा दांडा टॅक्सीत छताच्या आतल्या दिव्याच्या पांढऱ्या झाकणाच्या फटीत घातला आणि हलकेच उचलला. झाकण निसटून तिच्या मांडीवर पडले. त्याच्याबरोबर चार मेलेले मच्छर आणि एक वाळका पतंगही पडला. आत पितळेच्या दोन पट्ट्या समोरासमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या मधली जागा रिकामी होती. तिथला बल्ब तिच्या मुलाने, शिवदासने, काढून नेला होता.

त्याला तसे कारण होते. मागच्या गुरुवारी ती गाडीतला दिवा मालवायला विसरली आणि सकाळी बॅटरी बसली. थिवीच्या स्टेशनावर पोचवायचे गिऱ्हाईक दुसऱ्या टॅक्सीने गेले. शिवदास ओरडला नाही. त्याने बल्ब उपटला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"आता बस हय होयो तितको वेळ," तो म्हणाला. "काळोखात."

ती गाडीत कशासाठी बसते हे त्याला ठाऊक होते. श्रावणात देवळात पोथी लागायची, आणि वाचायला दर दिवशी एका घराची पाळी असायची. तिचा नवरा सगुण होता तोवर त्यांच्या घराची पाळी तोच वाचायचा. तो गेल्यावर दोन वर्षे त्यांच्या पाळीला शेजारचा रघुनाथ वाचत होता. शिवदास त्याच्याकडे नारळ आणि शिधा पोचता करायचा आणि आपल्या भाड्यावर निघून जायचा.

"औंदा मी वाचतलंय," शेवंतीने सांगितले होते.

शिवदास हसला होता. "तू? गेल्या वर्षी पाटयेर अक्षरां गिरवलंस आणि औंदा पोथी? एकेक अक्षर फोडत बसतलंस, आणि लोक हसतले. तुका नाय आये, माका हसतले."

अंगणवाडीच्या विनोदिनीने तिला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी अक्षरे शिकवली होती, हे खरे. ती वाचताना अडखळत होती, हेही खरे. म्हणून तर महिनाभर ती तिन्हीसांजेला देवाकडे वात लावून टॅक्सीच्या मागच्या सीटवर येऊन बसत होती. घरात टीव्ही चालू असायचा, अंगणात शेजाऱ्यांचे कान असायचे. गाडीच्या काचा वर केल्या की तिचे अडखळणे तिच्यापाशीच राहायचे.

बल्ब गेल्यावर तिने एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी झाडणीतली एक काडी, एक हीर ओढला, दोन पट्ट्यांच्या मध्ये धरला, तेवढाच मोडला आणि पदराच्या टोकाला बांधून धारगळच्या हमरस्त्यापर्यंत चालत गेली. तिथे गोपाळचे गाड्यांच्या सामानाचे दुकान होते.

"वयनी, ह्या कसला माप?" गोपाळने हीर उलटासुलटा करून पाहिला.

"गाडयेतल्या दिव्याचा. आणि पयल्यासारखो बॅटरी खाणारो नको माका."

गोपाळने हिराला लावून लावून एक बारीक पट्टी शोधून काढली. दोन्ही टोकांना टोप्या, मध्ये तांदळाएवढे पिवळे ठिपके. "हो एलईडी. चुकान रातभर पेटत रवलो तरी बॅटरीक कळूचा नाय, आणि उजेड दुप्पट. शिवदासाक धाड, बसवून दितंय."

"बसवूक माका हात आसत," शेवंती म्हणाली.

आता त्याच हातांनी तिने ती पट्टी दोन पितळी पट्ट्यांच्या मध्ये दाबून बसवली आणि बटण सरकवले.

काहीच झाले नाही. तिने बटण पुन्हा सरकवले.

"पेटाक नाय?" शिवदास विहिरीवरून आंघोळ करून आला होता. खांद्यावर ओला पंचा होता. "गोपाळान फसवल्यान तुका. सोड ता, आये. सोमवारी आपल्या पाळयेक रघुनाथकाका वाचतलो. मी सांगून इलंय."

"मग परत जा आणि नको म्हणून सांगून ये."

तिने पट्टी काढली आणि घराच्या दारातून येणाऱ्या उजेडात डोळ्यांपाशी नेली. एका टोकाला बारीक फुली होती, दुसऱ्या टोकाला नुसती आडवी रेघ. सगुणच्या हातातल्या विजेरीच्या सेलांवर अशाच खुणा असत. सेल उलटे पडले तर ती विजेरी कितीही आपटली तरी पेटत नसे. जुन्या बल्बला तोंड-पाठ नव्हती, कसाही बसायचा. ह्याला होती.

तिने पट्टी फिरवून बसवली.

पांढरा लख्ख उजेड पडला. सीटवरचा पानाचा जुना डाग दिसला, तिच्या हातांवरच्या शिरा दिसल्या, शिवदासचे मिटलेले डोळे दिसले. त्याचा हात बटणाकडे गेला. शेवंतीने बटणावर आपला तळवा ठेवला.

"बॅटरी..."

"खायत नाय. गोपाळाक विचार."

त्याने हात मागे घेतला. मग पुढचे दार उघडून आपल्या जागेवर, तिच्याकडे पाठ करून बसला आणि दार ओढून घेतले. शेवंतीने शेजारी ठेवलेल्या पोथीचे लाल फडके सोडले, ती मांडीवर घेतली आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवले. दोन ओव्या सरळ गेल्या. तिसऱ्या ओवीत तीन अक्षरे एकमेकांना चिकटून उभी होती. बोट थांबले.

शिवदासने मागे न बघता तो शब्द सांगितला.

"गप रव," शेवंती म्हणाली. "मी वाचतंय."

तिने शब्द फोडला, जोडला, परत फोडला. मग ओवी पहिल्यापासून मोठ्याने म्हटली. कुठेही न थांबता.

बाहेर रस्त्यावर कोणीतरी उभे होते. रघुनाथ देवळाकडे निघाला होता आणि कुंपणापाशी थांबून उजळलेल्या गाडीकडे बघत होता. शिवदास सीटवर खाली सरकला.

"काच खाली कर," शेवंती म्हणाली.

"आये, रघुनाथकाका उभो आसा थय."

"दिसता माका. खाली कर."

शिवदासने हँडल फिरवले. त्याच्या बाजूची काच खाली गेली. शेवंतीने पुढच्या ओवीवर बोट ठेवले आणि आवाज चढवला.

मग शिवदास वाकला, हात लांबवला आणि पलीकडची काचही खाली केली.